बंद तोंडाचे नट

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ही वही चाकणहून येताना आणली होती. दोन वर्षं कपाटात कोरीच पडून होती. रोज काय लिहायचं? पंक्चर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पुन्हा पंक्चर. आज मात्र काम आलं.

अकोल्याच्या डॉ. आचल गावंडे. दातांच्या डॉक्टर, वय तिशीच्या आतलं. गाडी लाल, जर्मन, दिसायला साधी चार दारांची, पण बॉनेटखाली जवळजवळ दोनशे घोडे. मागच्या सीटवर आणि डिकीत चार नवी अलॉय चाकं, चादरीत गुंडाळलेली. मुंबईच्या कुणाकडून तरी घेतलेली. "बसवून द्या," म्हणाल्या. "जानेवारीत कोइमतूरला ट्रॅकवर न्यायची आहे."

धर्मा लगेच म्हणाला, "एका घंट्यात देतो, डॉक्टर."

मी एक चाक पालथं घालून मोजलं. मधलं भोक हबपेक्षा दीड सेंटिमीटरनं मोठं. म्हणजे मध्ये बरोबर मापाची रिंग घातल्याशिवाय चाक मधोमध बसणारच नाही. आणि या गाडीच्या मूळ बोल्टचं बूड गोल आहे, चाकाची भोकं मात्र नरसाळ्यासारखी उतरती. गोल बूड उतरत्या भोकात नुसतं टेकतं, धरत नाही. कितीही कसा, शे-दोनशे किलोमीटरमध्ये ढिलं होणार.

"बसेल," मी म्हणाले, "पण या बोल्टांनी मी बसवणार नाही. हबमध्ये स्टड घालावे लागतील." स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा. एक टोक हबमध्ये कायमचं बसवायचं, दुसऱ्यावर नट. ट्रॅकवर जाणारे बहुतेक लोक हेच करतात. पण स्टड चांगले हवेत, नट उतरत्या बुडाचेच हवेत. "आठवडा द्या."

धर्मानं माझ्याकडे पाहिलं. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलेलं त्याला आवडत नाही.

आचल हसल्या. "अकोल्यात तिघांनी लगेच बसवतो म्हटलं. नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. मग तुमच्याकडेच."

अकरा वर्षं बोल्टच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली. रोजचं काम काय, तर बोल्ट ताणून ताणून तोडायचे आणि कसा तुटला ते लिहायचं. आमचा विभाग बंद झाला तेव्हा धर्मानंच फोन केला होता. "ताई, बाबाच्या पंक्चरच्या दुकानाचं मी काय केलं, ते पाहायले तरी ये." आले तर बडनेरा रोडवर पाटी लागलेली: देवमन व्हील केअर, धर्मेंद्र व माया तायडे. पाटीवर नाव बघायची सवय नव्हती मला. अजून नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याहून पार्सल आलं. वीस स्टड, वीस नट. एकेक हातात घेऊन मापला. प्रत्येकाच्या टोकावर १०.९ चा ठसा, म्हणजे पोलाद किती ताण सोसेल त्याची खूण. नट मुद्दाम आरपार मागवले. स्टडचं टोक नटातून बाहेर डोकावलं की किती आटे धरलेत ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. धर्माला दाखवले तेव्हा त्यानं एक स्टड बराच वेळ हातात घोळवला. म्हणाला, "मस्त माल हाय, ताई." त्याला अशा गोष्टीची कदर आहे हे पाहून बरं वाटलं.

निळ्या डब्यात ठेवले. शनिवारी सकाळी बसवायचे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

धर्माची स्वतःची पांढरी गाडी चार जॅकवर उभी आहे, चाकं काढलेली. परवा, रविवारी, नागपूरला हौशी लोकांच्या गाड्यांचा मेळा आहे. तिथं न्यायची म्हणून गेला महिनाभर झटतोय. तीही जर्मन, आचलच्या गाडीपेक्षा दहा वर्षं जुनी. त्याचं काही सामान यायचं राहिलंय म्हणून तोंड उतरलेलं होतं. चहाही घेतला नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, मोतिबिंदूची तपासणी उद्या सकाळीच आहे, तू चाल माह्यासंगं. माझ्या आठवणीत ती तारीख बुधवारची होती. धर्मा म्हणाला, "तू आईले घेऊन जाय. डॉक्टरची गाडी मी करतो. तू तं सगळं लिहूनच ठेवलं हाय."

खरंच लिहून ठेवलं आहे. हबचा गंज तारेच्या ब्रशनं साफ, रिंग बसली का पाहणे, नट हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मग समोरासमोरचे कसायचे, शेवटी टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोराला कट्ट वाजणाऱ्या पान्यानं, एकशेवीसवर. त्याला हे सगळं येतं. माझ्याच डोक्यात उगाच किडा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आईसोबत डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोन तास बसून राहिलो. दुकानात परत आले तर लाल गाडी चारही चाकांवर उभी. देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू.

पण नट वेगळे. काळे, चकचकीत, बंद तोंडाचे. आत स्टड कुठवर आलाय काही दिसत नाही.

"हे कावून लावले? मी आरपार मागवले होते ना?"

"तिलेच हे आवडले, ताई. फोनवर फोटो धाडला होता मी. दिसायले भारी वाटतात. दहा आटे धरले हायेत, मोजून पाह्यलं."

"पान्यानं कसले?"

"मंग काय दातानं कसले?" हसला.

टॉर्क पाना त्याच्या पेटीत होता. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सैल करून शून्यावर आणून ठेवायची असते, धर्मा हमखास विसरतो. आज शून्यावर होता. म्हटलं, शिकला एकदाचा.

मला पुन्हा सगळे नट काढून बघायचे होते. तेवढ्यात आचल आल्या, सोबत वडील. खुशालराव, एसटीत कंट्रोलर होते, आता निवृत्त. ते गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "पोरीनं चपला नव्या घेतल्या म्हणा की." सगळे हसलो. त्यांच्यासमोर भावानं केलेलं काम उकलून बघायचं मला जमलं नाही. तपासणी कार्डावर 'काम तपासले' असं छापलेलं आहे, तिथं मी सही केली.

हे इथं लिहून ठेवते, कारण आज दुपारपासून ते बोचतंय.

आचलना बजावलं, शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा कसावे लागतात, गुरुवारी या. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "ताई, गाड्यांच्या दुकानात मला पहिल्यांदा कुणी मूर्ख समजलं नाही."

१७ नोव्हेंबर, रविवार

धर्मा नागपूरहून कप घेऊन आला. दुसरा नंबर. आईला उचलून गोल फिरवलं. म्हणतो, येताना गाडी रस्त्याला चिकटून चालत होती.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. दुकान बंद. आईला घेऊन शाळेत जाऊन आले. इतकंच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आचल आल्याच नाहीत. पाचपर्यंत वाट पाहिली. फोन करणार होते, तर धर्मा म्हणाला, "मले फोन आला होता तिचा. अकोल्यातच कसून घेते म्हणे. तुले बोलायचं राहिलं."

वाईट वाटलं. हात हातात घेतला होता त्यांनी. पण शहाणी बाई आहे, घेईल करून.

२४ नोव्हेंबर, रविवार

साडेअकराला फोन आला. अनोळखी नंबर. एक माणूस म्हणाला, या गाडीत तुमच्या दुकानाचं कार्ड सापडलं. बोरगाव मंजूच्या अलीकडे. पुढचं डावं चाक निघून शेतात गेलं. गाडी दुभाजकावर.

"बाई ठीक हाय," तो म्हणाला. "बुढ्याचा पाय दबला."

२५ नोव्हेंबर, सोमवार

अकोल्याला गेले. धर्मा म्हणाला, नको जाऊ, चिडलेले असतील. तरी गेले.

दवाखान्यात खुशालराव आत होते. आचलच्या कपाळाला टाके. बाकावर बसून त्या जमिनीकडे पाहत होत्या. मी समोर उभी राहिले, त्यांनी मान वर केली नाही. त्यांची आई, गोदाबाई, उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं मारणार. ती म्हणाली, "तू बाई हायेस म्हून माही पोर तुह्याकडं आली होती."

एवढंच. मग पुन्हा जाऊन बसली.

बसमध्ये कापसाची पोती घेऊन दोघं चढले होते. सगळीकडे कापूस उडत होता. मूर्तिजापूरपर्यंत मी डोळे मिटून नुसते आकडे मांडत होते. गाडीचं वजन, चाकाचं माप, एका स्टडवर येणारा ताण. कुठं चुकले मी?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर कागद घेऊन बसले. हिशेबात चूक सापडत नाही. मग मालातच दोष असेल. पण माल मीच तपासला होता. अकरा वर्षं जे काम केलं तेच चुकलं असेल, तर मला येतं तरी काय?

धर्मा दुपारी कुठं तरी अकोल्याकडे जाऊन आला. येताना माझ्यासाठी कचोरी आणली. शेजारी बसून पाठीवर हात ठेवला. "मशीन हाय, ताई. होते कधी कधी. तू जिवाले लावून नको घेऊ. कोणी विचारलं तं सांग, गिऱ्हाईक नट कसायले परत आलंच नाही. चूक त्यायची होते."

माझ्या हातून असं झालं, तरी एक शब्द वाकडा बोलला नाही. रडू आलं मला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

खुशालरावांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

विम्याच्या सर्व्हेअरनं बोलावलं. सहदेवराव नाव, पन्नाशीचे, शांत बोलतात. गाडी अकोल्याबाहेर एका आवारात ताडपत्रीखाली. डाव्या हबवर पाच स्टडांचे पाच खुंट. चाक शेतातून उचलून आणलेलं होतं.

त्यांनी भिंग पुढे केलं. तुटलेल्या खुंटाचा चेहरा पाहिला आणि माझे हात आपोआप कामाला लागले. एका झटक्यात तुटलेला नव्हता. शिंपल्यावर असतात तशा रेषा होत्या त्यावर. म्हणजे चाक पहिल्यापासून ढिलं होतं. दर फेऱ्याला स्टड वाकत गेला, थोडा थोडा चिरत गेला, शेवटी उरलेलं टिचभर पोलाद गेलं.

मग मागच्या चाकाचा एक नट उघडला. आत स्टडचं टोक. त्यावर ठसा नव्हता.

दुसरा उघडला. नाही. राहिलेल्या तिन्ही चाकांचे पंधराही पाहिले. काळा रंग मारलेले, बाजारात कुठंही मिळतात तसले, आणि माझ्या मापापेक्षा चार-पाच आट्यांनी लांब. लांब स्टड बंद नटात आधी तळाला टेकतो. वरून नट घट्ट लागतो, आणि चाक मात्र दाबलंच जात नाही.

सहदेवराव म्हणाले, "मॅडम, हे तुम्हीच तपासून घेतलेले ना?"

मी म्हणाले, "हे माझे नाहीत."

त्यांनी बॅगेतून एक कागद काढून दिला. धर्माचा जबाब. 'फिटिंगची सर्व जबाबदारी माझी बहीण माया हिची असते. त्या दिवशी मी नागपूरच्या तयारीत होतो. सदर गाडीला मी हात लावलेला नाही. कार्डावर सही तिची आहे.'

खाली तारीख, २६ नोव्हेंबर. कचोरी आणली तो दिवस.

३० नोव्हेंबर, शनिवार

काल लिहायचं राहून गेलं ते आज लिहिते.

शुक्रवारी पहाटे दुकान उघडायच्या आधी एकटी गेले. धर्माची पांढरी गाडी आत उभी असते. खाली बसले. चाकाला आरपार नट. नटातून बाहेर आलेली टोकं, आणि टोकांवर ठसा. चारही चाकं पाहिली. सगळीकडे १०.९. आटे दोन्ही गाड्यांना सारखेच लागतात, हे मला तरी सांगायला नको होतं.

तशीच फरशीवर बसून राहिले. धर्मा आला, शटर अर्धं वर करून आत वाकला, मला पाहिलं, आणि त्याला कळलं.

"कावून, धर्मा?"

"रविवारी शो होता, ताई." शटर धरूनच बोलला. "दुसऱ्या सेटले दहा दिवस लागत होते. मले जुन्या बोल्टांवर ते चाकं लावता येत नव्हते. सेट आला की तिचे बदलून देणार होतो. तुले कळलंबी नसतं."

"मंग तिच्या गाडीले बाजारातले अन् तुह्या गाडीले माहे?"

"तिची तं गावातल्या गावात चालते, असं वाटलं मले. मी हायवेवर एकशेसाठच्या वर नेतो."

"म्हणजे तुले फरक माहीत होता."

त्यानं अर्धं शटर खाली ओढून घेतलं.

हेच मला सहन होत नाही. अडाणीपणानं केलं असतं, तर मी त्याच्यासाठी भांडले असते. निष्काळजीपणा असता, तर निदान समजून घेतलं असतं. त्यानं तो स्टड हातात घोळवला, ओळखला, आणि त्यातले सगळे स्वतःला घेतले.

"पाना तं वापरलाच नाहीस," मी म्हणाले. "म्हून शून्यावर होता."

"ताई, पाटीवर तुह्यं नाव मीच टाकलं," तो म्हणाला. "विसरू नको."

१ डिसेंबर, रविवार

आईशी बोलले. म्हणजे आईच माझ्याशी बोलली, मी ऐकलं.

"लहान हाय तो तुह्यापेक्षा. चुकलं त्याचं. पण तू मोठी हायेस, सांभाळून घे. तुले ना लेकरू ना बाकी काही, तुले काय होणार हाय? त्याच्या मागं संसार हाय."

मी विचारलं, "आई, डोळ्याच्या डॉक्टरची तारीख बुधवारची होती ना?"

तिनं पदराशी चाळा केला. "धर्मानं बदलून घेतली. म्हणे, ताई लय चिरचिर करते कामात, शनिवारच्या दिवस तिले बाहेर घेऊन जाय. मले काय माहीत वं कशासाठी?"

तिला माहीत नव्हतं, हे खरंच असेल. पण आज माहीत झालं तेव्हाही ती त्याच्याच बाजूला बसली. मला उभंच ठेवलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

दरवर्षी आम्ही तिघं मिळून इर्विन चौकात पुतळ्याला हार घालायला जातो. आज ते दोघं आधी गेले. मी नंतर एकटी गेले. गर्दीत लांबून धर्मा दिसला. पांढरा शर्ट, कडेवर त्याची मुलगी. तिला बोटानं पुतळा दाखवत होता. बाबा आम्हाला असंच दाखवायचे.

मेणबत्ती लावली. डोक्यात एकच. मी जबाब दिला तर ती पोरगी उद्या शाळेत काय ऐकेल? आणि नाही दिला तर आचल काय ऐकेल? तिचा विमा नाकारला जाईल, लोक म्हणतील पोरीनं वेडीवाकडी चालवून बापाचा पाय घालवला. अकोल्यात म्हणतच असतील. बाईच्या हातात गाडी, आणखी काय होणार.

८ डिसेंबर, रविवार

बडनेऱ्याला शकुनमावशीकडे खोली घेतली. आईनं दारात विचारलं, जेवून जाशील का. मी हो म्हणाले आणि जेवले. दोन भाकरी, वांग्याचं भरीत. मग पेटी उचलली.

९ डिसेंबर, सोमवार

पोलीस ठाण्यात आणि सहदेवरावांकडे लेखी जबाब दिला. पार्सलची पावती, स्टड मापलेले कागद, पांढऱ्या गाडीचे फोटो, सगळं जोडलं. शेवटी हेही लिहिलं: काम मी स्वतः तपासले नाही, भावाच्या शब्दावर सही केली. सहदेवराव म्हणाले, "हे शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं, मॅडम. त्यानं तुमच्यावर येईल." मी म्हणाले, "यायलाच पाहिजे."

तिथून दवाखान्यात. आचलना सगळं सांगितलं, उभ्यानंच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी गुरुवारी निघाले होते, ताई. गाडीत बसलेच होते. तुमच्या दुकानातून फोन आला."

"कुणाचा?"

"धर्मेंद्रभाऊंचा. म्हणाले, ताईनं सांगितलंय, यायची गरज नाही. या स्टडना पुन्हा कसावं लागत नाही. मी विचारलंसुद्धा, मायाताई नक्की म्हणाल्या का? तर म्हणाले, इथं बाजूलाच उभी हाय."



आतून खुशालरावांनी हाक मारली. आत गेले. पांघरुणाखाली डावीकडे जागा रिकामी. मी तिकडे पाहू नये म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"बस, पोरी." मी बसले. "त्या दिवशी कुरणखेड गेल्यावर खालून आवाज आला. टक्, टक्. मी पोरीले म्हटलं, थांबव, पाहून घेऊ. चाळीस वर्षं एसटीत काढली मी, आवाज ओळखतो. तं ते म्हणे, बाबा, मायाताईनं बसवलं हाय, काही होत नाही."

ते रागावून बोलत नव्हते. नुसतं काय झालं ते सांगत होते. मी बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसले होते. ती सोडवता येईनात.

"तुह्या भावानं माहा पाय नेला," ते म्हणाले. "पण पोरीचं मन त्यानं तुह्यं नाव घेऊन नेलं. ते तुले परत आणावं लागन. माह्यानं होणार नाही."

आचल दारात उभ्या होत्या. मी निघाले तेव्हा बाजूला सरकल्या, वाट दिली.

१२ डिसेंबर, गुरुवार

दुकानावरून बस गेली. पाटीवर माझ्या नावावर पांढरा रंग मारलाय. रंग पातळ लागलाय.

सहदेवरावांचा फोन. आचलवरचा वेगानं गाडी चालवल्याचा ठपका निघण्यासारखा आहे, अहवालात 'बनावट सुटे भाग व चुकीची जोडणी' असं जातंय. मी आचलना फोन केला नाही. त्यांनाही कळलंच असेल.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी धर्माचा फोन. सतरा दिवसांनी. आवाज लहानपणीसारखा, मास्तरनं वर्गाबाहेर काढल्यावर असायचा तसा.

"ताई, पोलिसांनी बोलावलं आज. चौकशीले. माह्यासंगं कोणी नाही. तू येशील?"

तोंडातून आलं, "येते."

बडनेऱ्याच्या फाट्यावर त्यानं मला घेतलं. भाड्याची रिक्षा होती. पांढरी गाडी पोलिसांनी नेली. रस्त्यात एकदा त्यानं पाण्याची बाटली पुढे केली, मी घेतली, प्यायले, परत दिली. मला वाटत होतं, ठाण्याच्या आधी कधीतरी तो म्हणेल, चुकलं. खुशालराव कसे आहेत, एवढं जरी विचारलं असतं.

ठाण्याच्या फाटकाजवळ उतरलो. कडुलिंबाखाली थांबून त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू कागद मागं घेतला ना?"

म्हणजे त्यासाठी बोलावलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मंग आली कावून?"

"तू म्हणालास, संगं कोणी नाही म्हून."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता आणि रागाखाली काहीतरी होतं, पण ते काय आहे हे ठरवायची आता मला घाई नाही. तो वळला आणि आत गेला. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत कुणीतरी त्याला नाव विचारत होतं. वडिलांचं नाव विचारलं. तो म्हणाला, "देवमन." आवाज फाटला त्याचा.

थोड्या वेळानं एक शिपाई कागद घेऊन बाहेर आला. "तुमी त्यायच्या कोन?"

"बहीण."

त्यानं बोट कागदावरून खाली नेलं. "अन् हे साक्षीदार, माया देवमन तायडे? ते आल्या का?"

"तीही मीच," मी म्हणाले.

शिपायानं एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "वेळ लागन, बाई. बसून राह्या."